वारा, पाणी आणि चूल : चिनी घराच्या जोपासनेची परंपरा

चिनी परंपरेत घर हे बांधकाम संपताच पुरे होणारे काम मानलेले नाही. जागा निवडणे, घराचे तोंड कोणत्या दिशेला असावे हे ठरवणे, ऊन, वारा आणि पाऊस त्यात कोठून व किती येऊ द्यायचा याची आखणी करणे हा घर उभारण्याचा एक भाग होता. आणि उभ्या राहिलेल्या घरात वर्षभर ठरावीक तिथींना झाडलोट, चुलीची पूजा, दाराची सजावट व पूर्वजांचे स्मरण करून ते नांदते ठेवणे हा त्याचा दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग होता. पहिल्या भागाच्या विद्येला फेंगशुई म्हणतात. दुसरा भाग हा घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज असून, त्यासाठी ग्रंथाची किंवा तज्ज्ञाची गरज सहसा पडत नसे. महाराष्ट्रात गेल्या सुमारे तीन दशकांत फेंगशुई येऊन पोहोचली ती बहुतांशी हसरा बुद्ध, पवनघंटा, तीन पायांचा बेडूक आणि काचेच्या भांड्यातील बांबू अशा विकत मिळणाऱ्या वस्तूंच्या रूपाने, आणि त्यामुळे या विद्येचे मूळ रूप मराठी वाचकापासून जवळजवळ झाकलेलेच राहिले. हे मूळ रूप पाहिले तर असे दिसते की, घराचे भले वस्तू मांडून होत नाही, तर जागेकडे बारकाईने पाहण्याने आणि घराची निगा नियमाने राखण्याने होते, हेच या परंपरेचे टिकाऊ सार आहे.

भूमीची पारख

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. ही संज्ञा ज्या ग्रंथाशी जोडली जाते तो ‘झांगशू’ हा दफनविद्येचा ग्रंथ परंपरेने जिन राजवटीतील विद्वान ग्वो पू (इ.स. २७६–३२४) याच्या नावावर सांगितला जातो, मात्र आज हाती असलेली त्याची संहिता नंतरच्या काळातली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. विश्वातील सर्व वस्तूंत ‘ची’ नावाचे प्राणतत्त्व वाहत असते, वाऱ्याच्या झोतात ते विखुरते आणि पाण्यापाशी अडून साठते, अशी या ग्रंथातील मूळ कल्पना आहे; त्यामुळे जेथे वारा अडतो आणि पाणी जवळ असते ती जागा उत्तम ठरते. या विद्येचे दोन विभाग पडतात. मृतांच्या निवासाचा म्हणजे थडग्यांचा विचार करणारा तो ‘यिन’ विभाग आणि जिवंतांच्या निवासाचा म्हणजे घरांचा विचार करणारा तो ‘यांग’ विभाग होय.

उत्तम जागेचे वर्णन चार प्राण्यांच्या रूपकातून केले जाते. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले असता पाठीशी, म्हणजे उत्तरेला, उंच डोंगर असावा, त्याला काळे कासव म्हणतात. डाव्या हाताला, पूर्वेकडे, निळसर-हिरव्या ड्रॅगनची डोंगररांग असावी. उजव्या हाताला, पश्चिमेकडे, तिच्याहून थोडी बुटकी अशी पांढऱ्या वाघाची रांग असावी. आणि समोर, दक्षिणेला, मोकळे मैदान व पाणी असून त्यापलीकडे तांबड्या पक्ष्याची लहानशी टेकडी दिसावी. या प्रतीकांची मुळे फार जुनी असावीत. हनान प्रांतातील पुयांग येथे १९८७ मध्ये उजेडात आलेल्या, सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात मृतदेहाच्या एका बाजूला ड्रॅगनची आणि दुसऱ्या बाजूला वाघाची आकृती शिंपल्यांनी मांडलेली आढळली. चार प्राण्यांची ही रचना चीनच्या भूगोलाला जुळणारीही आहे, कारण तेथे हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडे, बोचरे वारे उत्तर व वायव्य दिशांनी येतात, तर उन्हाळ्यात पाऊस घेऊन येणारे वारे आग्नेयेकडून येतात. पाठीशी डोंगर आणि समोर पाणी असलेले गाव पहिल्यांपासून वाचते आणि दुसऱ्यांचा लाभ घेते. दक्षिण चीनमधील अनेक गावांनी पाठीमागच्या उतारावर राखलेली झाडी, जिला फेंगशुईचे रान म्हणतात, ती याच विचारातून आली. या रानात कुऱ्हाड चालवायची नाही असा गावाचा दंडक असल्यामुळे उताराची माती धरून राहिली, वादळाचा मारा कमी झाला आणि आसपासचे जंगल तुटून गेल्यावरही मूळची देशी झाडे तेथे टिकून राहिली. महाराष्ट्रातील देवरायांशी या रानांचे साधर्म्य लगेच लक्षात येते.

चार बाजूंचे घर

ही पारख घराच्या आतपर्यंत कशी पोहोचते, याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांतील ‘सिहेयुआन’, म्हणजे मधल्या मोकळ्या अंगणाभोवती चारही बाजूंनी खोल्या असलेले घर. अंगणाच्या उत्तरेला मुख्य दालन असते आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे असते. तेथे घरातील वडीलधारी माणसे राहत. पूर्वेच्या व पश्चिमेच्या पाख्यांत मुलगे आपापल्या कुटुंबांसह राहत, तर दक्षिणेकडील, उत्तराभिमुख आणि म्हणून थंड पडणाऱ्या रांगेत पाहुण्यांची व नोकरांची सोय केलेली असे. बीजिंग सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्याच्या अयनदिनी भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो आणि त्याचे तिरपे ऊन दक्षिणाभिमुख दालनात खोलवर शिरते. उन्हाळ्याच्या अयनदिनी तो सुमारे ७३ अंशांवर असतो आणि तेव्हा छपराच्या पुढे आलेल्या वळचणी त्याला बाहेरच अडवतात. वडीलधाऱ्यांना दिलेली जागा ही अशा रीतीने घरातील सर्वांत ऊबदार जागाही होती.

पूर्व-पश्चिम गल्लीच्या उत्तर बाजूला असलेल्या अशा घराचा दरवाजा मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात असतो. अष्टकोणी ‘बाग्वा’ मांडणीत, म्हणजे तुटक व सलग रेषांच्या आठ चिन्हांच्या मांडणीत, ही दिशा वाऱ्याच्या चिन्हाची मानली जाते. दरवाजातून आत आल्यावर समोर ‘यिंगबी’ नावाची आडभिंत लागते, तिला वळसा घालूनच अंगणात जावे लागते. अनिष्ट शक्ती सरळ रेषेत चालतात आणि या भिंतीपाशी अडतात, असा लोकसमज आहे. हीच भिंत रस्त्यावरची धूळ, झोंबरा वारा आणि वाटसरूंची नजर घरात थेट येऊ देत नाही. अंगणात डाळिंबाचे झाड लावण्याची आवड होती, कारण दाण्यांनी भरलेले डाळिंब हे भरल्या गोकुळाचे चिन्ह मानले जाई, आणि जोडीला मातीच्या मोठ्या कुंडात सोनेरी मासे पाळले जात.

पाण्याचे गाव

फेंगशुईचा सामूहिक आणि अधिक समृद्ध आविष्कार दक्षिण आन्ह्वे प्रांतातील होंगत्सुन या गावात पाहायला मिळतो. शेजारच्या शीदी गावासह २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले हे गाव वांग कुळाने वसवले. लेइगांग टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या गावाची रचना पंधराव्या शतकाच्या आरंभी, मिंग राजवटीत, फेंगशुईच्या जाणकाराच्या सल्ल्याने नव्याने करण्यात आली, असे तेथील परंपरा सांगते. पश्चिमेकडील ओढा बांधाने अडवून त्याचे पाणी अरुंद दगडी पाटांनी गल्लीगल्लीतून, दारादारांपुढून फिरवण्यात आले, मधोमध असलेल्या झऱ्याचे अर्धचंद्राकृती तळे करण्यात आले, आणि पुढे गावाच्या दक्षिणेला खोदलेल्या तलावातून हे पाणी शेतांकडे सोडण्यात आले. गावकरी या संपूर्ण रचनेला बैलाची उपमा देतात. टेकडी हे डोके, पाट ही आतडी, चंद्रतळे हे जठर आणि दक्षिणेचा तलाव हे पोट होय. लाकडी खांब-तुळयांच्या घरांनी दाटलेल्या गावात आगीचे भय मोठे असल्यामुळे दाराशी वाहते पाणी असणे हा विम्यासारखाच आधार होता, आणि दोन घरांमधील भिंती छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढवल्यामुळे एका घराची आग दुसऱ्या घराला सहजासहजी लागत नसे. पाट सर्वांचा असल्यामुळे तो स्वच्छ ठेवणे हे सर्वांचे काम ठरले. सकाळी लवकर पिण्याचे पाणी भरून घ्यायचे आणि धुणे त्यानंतरच काढायचे, अशी रीत या गावाविषयी सांगितली जाते.

या प्रदेशातील घरांच्या आत ‘तिआनजिंग’, म्हणजे आकाशाची विहीर, नावाचा लहान चौक असतो. येथील व्यापाऱ्यांची घरे बाहेरून उंच, पांढऱ्या आणि जवळजवळ बिनखिडक्यांच्या भिंतींनी बंद असत, कारण घरातील पुरुष व्यापारासाठी वर्षानुवर्षे परगावी असत आणि मागे राहिलेल्या कुटुंबाची सुरक्षितता महत्त्वाची होती. उजेड आणि हवा येण्याचा मुख्य मार्ग हा चौकच असे. चारही बाजूंची छपरे आत उतरती असल्यामुळे पावसाचे सारे पाणी या चौकात पडते, फरसबंदीतील पन्हाळीतून वाहते किंवा दगडी कुंडात साठते. पाणी हे संपत्तीचे रूप मानले जात असल्याने, आपल्या छपरावर पडलेली संपत्ती आपल्याच घरात यावी, शेजाऱ्याच्या अंगणात वाहून जाऊ नये, असा भाव त्यामागे आहे. ओल्या दगडांवरून फिरणारी हवा गारवा देते आणि तापलेली हवा वरच्या उघड्या चौकोनातून निघून जाते. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांचे चौक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या रचनेचे शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

होकायंत्र, हिशेब आणि हरकती

भूमीचा आकार पाहून निर्णय करणारी परंपरा ही फेंगशुईची एक शाखा, तर दिशा व काळ यांचे गणित मांडणारी परंपरा ही दुसरी शाखा मानली जाते. दुसऱ्या शाखेचे साधन म्हणजे ‘लुओपान’ नावाचे होकायंत्र. पृथ्वीचे प्रतीक असलेल्या चौकोनी पाटावर आकाशाचे प्रतीक असलेली गोल तबकडी फिरते, तिच्या मध्यभागी लहानशी चुंबकसूची असते आणि सूचीभोवती एकात एक अशी अनेक वर्तुळे असून त्यांवर आठ चिन्हे, पंचतत्त्वे, तारकासमूह आणि प्रत्येकी १५ अंशांच्या २४ दिशा लिहिलेल्या असतात. आन्ह्वे प्रांतातच शिऊनिंग तालुक्यातील वान्आन या गावी लाकडी तबकडीवर कुंचल्याने अक्षरे लिहून हे यंत्र बनवण्याची कला अजून जिवंत आहे, आणि २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत तिचा समावेश झाला. या विद्येने निरीक्षणाला दिलेली चालना लक्षणीय आहे. सुई अगदी नेमकी दक्षिण दाखवत नाही, किंचित पूर्वेकडे कलते, ही नोंद सोंग राजवटीतील विद्वान शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात केली.

दिशांच्या हिशेबातून माणसाचे भाग्य सांगण्याच्या दाव्याला मात्र चीनमध्येच फार जुना विरोध आहे. हान राजवटीतील विचारवंत वांग चोंग (जन्म इ.स. २७) याने आपल्या ‘लुनहंग’ या ग्रंथात, कुटुंबाच्या आडनावाचा ध्वनी पाहून दाराची दिशा ठरवण्याच्या तत्कालीन पद्धतीची कसून तपासणी केली, सरकारी कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांची निवासस्थानेही घरांसारखीच असताना हा नियम फक्त सामान्य लोकांच्या घरांनाच कसा लागू होतो, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. तांग सम्राट ताइझोंगच्या आज्ञेने सातव्या शतकात शकुनविद्येच्या ग्रंथांची छाननी करणाऱ्या ल्यू त्साई यानेही असे दाखवून दिले की, प्राचीन काळी दफनाची जागा ठरलेली असे, ती निवडण्याचा प्रश्नच नसे, आणि तरीही माणसांची नशिबे वेगवेगळी घडत गेली. आजच्या वाचकाने ही परंपरा समजून घेताना तिच्यातील हा विवेकी आवाजही तिचाच भाग म्हणून ऐकला पाहिजे.

वर्षाचे रिवाज

घर नांदते ठेवणाऱ्या रिवाजांच्या केंद्रस्थानी चूल आहे. चुलीचा देव ‘झाओ जुन’ याचे लाकडी ठशाने छापलेले रंगीत चित्र चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवलेले असते; त्यात देव आणि त्याची पत्नी शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि बहुधा वरच्या बाजूला त्या वर्षाचे पंचांगही छापलेले असते. वर्षभर स्वयंपाकाचा धूर आणि वाफ अंगावर घेत हा देव घरातील बोलणे-वागणे पाहतो, आणि चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्याच्या २३ व्या दिवशी, दक्षिण चीनमध्ये बहुतेक ठिकाणी २४ व्या दिवशी, स्वर्गातील जेड सम्राटाला त्याचा अहवाल द्यायला जातो, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी त्याला जवापासून केलेल्या चिकट साखरेचा नैवेद्य दाखवतात, कोठे ती साखर चित्राच्या ओठांनाही लावतात, म्हणजे तो गोड बोलेल किंवा निदान त्याचे तोंड चिकटून राहील. त्याच्या घोड्यासाठी गवत-पाणी ठेवतात, आणि वर्षभरात काळवंडलेले चित्र उतरवून जाळतात, हेच त्याचे प्रस्थान होय. वर्षाच्या अखेरच्या रात्री नवे चित्र लावून त्याचे स्वागत केले जाते. या रिवाजाचे मर्म असे की, घरातील भांडण, उष्टेखरकटे, वाया गेलेले अन्न आणि माणसांशी झालेला दुजाभाव यांचा साक्षीदार चुलीपाशीच बसलेला आहे, ही जाणीव तो कुटुंबाला वर्षातून एकदा तरी करून देतो.

देव गेला की घराची झाडलोट सुरू होते. छताची जळमटे बांबूच्या टोकाला बांधलेल्या झाडूने काढली जातात, अंथरुणे-पांघरुणे धुतली जातात, खिडक्यांचे जुने कागद बदलले जातात, देणी फेडली जातात. मग दारावर द्वारपालांची चित्रे लागतात; हे बहुधा तांग काळातील छिन छ्योंग आणि युची गोंग हे दोन सेनापती असतात, कारण सम्राट ताइझोंगच्या झोपमोडीच्या रात्री त्यांनी दाराशी पहारा दिला अशी आख्यायिका आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या शुभ ओळी लावल्या जातात. वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, नाहीतर लक्ष्मी बाहेर लोटली जाते, असा दंडक असल्याने सारी कामे आधीच उरकावी लागतात, आणि त्या दिवशी हातांना खरी विश्रांती मिळते. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर, पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, दारावर दवण्याच्या कुळातील एका उग्र वासाच्या वनस्पतीच्या आणि वेखंडाच्या जुड्या टांगतात, कारण हा महिना रोगराईचा व विषारी किड्यांचा मानला जातो. या दोन्ही वनस्पती कीटकांना दूर ठेवण्यासाठी पूर्वापार वापरल्या गेल्या आहेत.

वस्तूंचा बाजार

१९४९ नंतर मुख्य चीनमध्ये फेंगशुईला सरंजामी अंधश्रद्धा ठरवण्यात आले, आणि १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीतींवर जो घाला पडला त्यात चुलीच्या देवाची चित्रेही भिंतींवरून गेली. हाँगकाँग, तैवान आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांत मात्र ही परंपरा चालू राहिली आणि तेथून ती पश्चिमेकडे गेली. अमेरिकेत तिला नवे रूप दिले ते थॉमस लिन युन (१९३२–२०१०) यांनी. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्यांनी मंदिर स्थापन केले आणि होकायंत्र बाजूला ठेवून बाग्वाची आठ घरे थेट घराच्या मुख्य दाराशी जुळवण्याची सोपी पद्धत रूढ केली, ज्यात घराचा एक भाग संपत्तीचा, एक विवाहाचा, एक कीर्तीचा ठरतो. या पद्धतीत डोंगर, वारा, ऊन आणि पाणी पाहण्याची गरज उरली नाही. कोणत्याही शहरातील कोणत्याही सदनिकेला ती लावता येऊ लागली आणि कोपऱ्यागणिक ‘उपाय’ म्हणून वस्तू सुचवता येऊ लागल्या.

मराठी घरांत आलेल्या वस्तूंची मुळे पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. हसरा बुद्ध म्हणून विकली जाणारी मूर्ती गौतम बुद्धाची नसून, दहाव्या शतकाच्या आसपास झेजियांग प्रांतात होऊन गेलेल्या आणि पुढे मैत्रेयाचा अवतार मानल्या गेलेल्या बुदाई नावाच्या, खांद्यावर झोळी घेऊन भटकणाऱ्या भिक्षूची आहे. आपल्याजवळचे वाटून टाकणाऱ्या या अकिंचन साधूची मूर्ती आता धनप्राप्तीसाठी विकली जाते. ‘लकी बांबू’ हा तर बांबूच नाही. ते मध्य आफ्रिकेतून आलेले ड्रसीना कुळातील रोप आहे. ही रोपे किंवा मूर्ती घरात ठेवण्यात गैर काहीच नाही, ती आवडीने ठेवावीत; परंतु त्यांनी धंदा वाढतो, लग्न जमते किंवा आजार बरा होतो याला कोणताही पुरावा नाही, आणि अडचणीतल्या माणसाकडून अशा आशेवर पैसे काढणे हे अन्यायाचेच आहे.

घेण्यासारखे काय

मराठी घराने या परंपरेतून शिकायचे असेल तर ते तिच्या मुळापासून शिकावे. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत डोंगर निवडता येत नाही, पण ऊन कोणत्या खोलीत किती वाजता येते, पावसाळ्यात वारा कोणत्या खिडकीतून झोडपतो, उकाड्यात समोरासमोरच्या कोणत्या खिडक्या उघडल्या की हवा खेळते, हे वर्षभर पाहून अंथरूण, अभ्यासाचे मेज आणि आजारी किंवा वृद्ध माणसाची खाट त्याप्रमाणे लावता येते, आणि सिहेयुआनप्रमाणे घरातील सर्वांत चांगली जागा सर्वांत अशक्त माणसाला देता येते. उंबरठ्यापाशी चपलांचा आणि खोक्यांचा ढीग साचू न देणे, गळता नळ आणि ओल धरलेली भिंत वेळेवर दुरुस्त करणे, चूल, म्हणजे आजचा गॅसचा ओटा, रात्री निजण्यापूर्वी पुसून ठेवणे ही कामे लहान वाटतात, पण घराचे आरोग्य त्यांवरच उभे असते. रिवाज तर महाराष्ट्राचे स्वतःचेच आहेत. दिवाळीपूर्वीची साफसफाई, दारातली रांगोळी आणि तोरण, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला वाहिलेले हळदकुंकू यांतही घर राखणाऱ्या श्रमाला तोच मान दिलेला आहे. हा मान खरा ठरायचा असेल तर केरसुणीची पूजा सर्वांनी करायची आणि ती हाती मात्र घरातल्या बाईने किंवा कामवाल्या मावशींनीच धरायची, ही वाटणी मोडली पाहिजे. या दिवाळीत नवी शुभवस्तू विकत आणण्याआधी घरातील प्रत्येकाने एक खोली, एक खिडकी किंवा एक कोपरा वर्षभरासाठी आपल्या निगराणीत घ्यावा. घराची जोपासना म्हणतात ती हीच, आणि तिला कोणत्याही मुहूर्ताची वाट पाहावी लागत नाही.